‘वाटंवर’ हा शब्द तुमच्यासाठी नाही, सर

सर, हायस्कूलच्या गेटवर तुमचा फ्लेक्स लागलाय. फोटो तुम्हाला आवडला नसता. कुणाच्या तरी लग्नातला आहे. बाकीची माणसं कापून टाकलीत, पण तुमच्या खांद्यावरचा कुणाचा तरी हात तसाच राहिलाय. डोक्यावर फेटा आहे. तुम्ही फेटा बांधून घेतलात कधी आणि कुणाच्या आग्रहाला बळी पडलात, हे विचारायचं राहिलंच. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘लोखंडे सर गेले नाहीत, ते वाटेवर आहेत.’ त्याखाली शोकाकुल मंडळींचे छोटे छोटे फोटो. त्यातले दोघे गॉगल लावून आहेत.

मी रोज त्या गेटातून आत जाते आणि रोज चिडते. शोकसभा होऊन गेली, फुलं वाळली, तरी फ्लेक्स आहे आणि माझा रागही आहे. लोक म्हणतात, सरांचं जाणं शालनबाईंनी फार मनाला लावून घेतलंय. ते तर आहेच. पण मला राग त्या एका शब्दाचा येतो. तो आमचा शब्द होता, आणि तो या लोकांनी भलत्याच ठिकाणी खर्च करून टाकला.

तो कुठून आला ते तुम्हाला ठाऊक आहे, पण फ्लेक्स लावणाऱ्यांना ठाऊक नाही असं दिसतं, म्हणून पुन्हा सांगते. मी पाचवीत होते. म्हणजे माझं नाव पाचवीत होतं, मी नव्हते. दिवाळी झाली की आमची मेंढरं निघायची. आटपाडीच्या माळावर तोवर गवताची काडी उरलेली नसायची. आई, अण्णा, आम्ही भावंडं, घोड्यावर लादलेला संसार, आणि तोंड पश्चिमेला. कधी लोणंदकडं, कधी खंडाळ्याकडं, जो शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेईल त्याच्या रानात. परत यायचं ते उन्हाळा सरता सरता. अशी पोरं प्रत्येक वर्गात होती. दिवाळीनंतर त्यांच्या नावापुढं गैरहजर, गैरहजर अशी रांग लागायची, आणि पुढं कधीतरी त्या नावांवर रेघ पडायची.

तुम्ही हजेरी नंबरानं घेत नव्हता, नावानं घेत होता. त्यामागंही एक गोष्ट सांगतात. तुम्ही नवीन असताना नंबरानं हजेरी घ्यायला लागलात, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं होतं, “सर, आमी मेंढरं सुदीक नंबरानं हाकारत न्हाई.” सगळा वर्ग हसला, तुम्हीही हसलात, आणि दुसऱ्या दिवसापासून नावं सुरू झाली.

तर त्या दिवशी तुम्ही नाव घेतलंत, “शालन.” वर्गातलं कुणीतरी म्हणालं, “गेली, सर.”

तुम्ही पेन खाली ठेवलंत म्हणे. “गेली म्हणायचं नाही. गेली हे मेलेल्या माणसाला म्हणतात. कुठं आहे ती?”

“वाटंवर आसंल, सर.”

“मग तसं म्हणा.”

एवढंच. तेव्हापासून तुमच्या वर्गात बाहेर गेलेल्या प्रत्येक पोराचं नाव रोज घेतलं जाई आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडे, “वाटंवर!” हजेरीत तुम्ही पेन्सिलीनं बारीकसं ‘वा’ लिहायचात. आमच्या ‘हाय’चं ‘आहे’ आणि ‘न्हाई’चं ‘नाही’ करून घेताना तुम्ही आमची पाठ सोडली नाहीत, पण या एका शब्दाचं ‘वाटेवर’ तुम्ही कधी केलं नाहीत. फ्लेक्सवाल्यांनी केलं. शुद्धलेखन सुधारलं आणि अर्थ घालवला.

मी परत आले तेव्हा मैत्रिणीनं पहिल्यांदा हेच सांगितलं. “अगं, रोज तुजं नाव घेत्यात. आन् आमी समदी वाटंवर म्हणून बोंबलतो.” मला वाटलं माझी टिंगल चाललीय. मग तुमचा भूगोलाचा तास आला आणि तुम्ही म्हणालात, “आजचा तास शालनचा. ये, कुठून कुठं गेलीस ते फळ्यावर काढ.”

मी खडूनं वाकडीतिकडी रेघ ओढली. लोणंदपाशी थांबून म्हणाले, हितं रेल्वे बघितली. वर्ग ओरडला, “खोटं!”

“खरंच! निम्मी मेंढरं पल्याड गेली आन् फाटक पडलं.”

“मग?” तुम्ही विचारलंत.

“मग काय, अण्णा पल्याडनं शिव्या देत हुते आन् मी अल्याड रडत हुते.”

वर्गाबरोबर तुम्ही टेबलाला धरून हसलात. मग त्या माझ्या वाकड्या रेघेवर तुम्ही नीरा काढलीत, कृष्णा काढलीत, पाऊस कुठं पडतो आणि कुठं अडतो ते काढलंत, आणि आपला माळ कोरडा का ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तोवर मला वाटायचं, आपल्याच माणसांनी काहीतरी चूक केली असणार.

हे सगळं आठवलं की मला रडू येतं. पण त्याच्या पाठोपाठ राग येतो, आणि आज तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

पाचवीची वार्षिक परीक्षा तुम्ही माझी बांधावर घेतलीत. रविवारी, खंडाळ्याच्या अलीकडच्या एका रानात, छत्री घेऊन आलात. एसटी बदलत बदलत आला होता. अण्णा गोंधळून गेले. “आवं मास्तर, पोरीच्या पेपरापायी एवढ्या लांब?” तुम्ही म्हणालात, “पोरीला यायला जमत नाही, मला जमतं.” आईनं तुम्हाला मेंढीच्या दुधाचा चहा दिला. तुम्हाला त्याचा वास सहन होत नव्हता, ते तोंडावर दिसत होतं, तरी दोनदा घेतलात. मी जवारीच्या धसकटांत बसून पेपर लिहिला. एक कोकरू येऊन उत्तरपत्रिका चघळायला लागलं, तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, “ए, कॉपी करायची नाही.” दहावीला तर तुम्ही मला तुमच्या भाड्याच्या खोलीवरच ठेवून घेतलंत. काकूंनी मला वर्षभर जेवू घातलं. आमच्या सगळ्या भावकीत पदवीपर्यंत गेलेली पहिली मुलगी मी. सांगलीला बी.एड. करून मी याच हायस्कूलला शिकवायला आले, ते तुमच्यामुळं.

पण सर, यातलं एकही काम हायस्कूलनं केलं नाही. ते तुम्ही केलंत. हेडसरांना गोड बोलून, क्लार्कच्या पोराला फुकट शिकवून, पेन्सिलीनं ‘वा’ लिहून. कुणाशी भांडला नाहीत, कुठं काही ठरवून घेतलं नाहीत. तुम्ही रिटायर झालात आणि पेन्सिलीचं ते अक्षर तुमच्याबरोबर निघून गेलं.

आता हजेरी मोबाइलवर भरायची असते. तिथं हजर आहे आणि गैरहजर आहे. तिसरं काही नाही. मी तोंडानं नाव घेते, माझा वर्ग ‘वाटंवर’ म्हणतो, आणि मग मी मोबाइलवर गैरहजर दाबते. शेजारच्या वर्गात तर नावही घेत नाहीत.

आपल्या भागात हायस्कूल म्हणजे काय, हे तुम्हाला मी नवीन सांगायला नको. बाजार त्याच्या भिंतीला टेकून भरतो. मतदान त्याच्या वर्गात. दुष्काळात जनावरांची छावणी त्याच्या मैदानावर. पाऊस आला तर लग्नाचं वऱ्हाड त्याच्या व्हरांड्यात. मिलिटरी भरतीची पोरं तांबडं फुटायच्या आत त्याच मैदानावर पळतात. वारलेल्या मोठ्या माणसाची शोकसभाही तिथंच. हायस्कूल सगळ्यांना लागतं. फक्त आपली पोरं घालायला लागत नाही. सकाळी पिवळ्या बसगाड्या येतात आणि गावातली इस्त्रीच्या कपड्यांतली सगळी पोरं इंग्रजी शाळेत घेऊन जातात. उरतात ती आमच्यासारख्यांची. आणि त्यांच्यावर जबाबदारी कसली, तर शंभर टक्के निकालाची. गेटवर तुमच्या फ्लेक्सच्या आधी तोच फ्लेक्स होता. ‘यशाची उज्ज्वल परंपरा, दहावी निकाल शंभर टक्के.’ तुमचा फ्लेक्स त्याच्यावरच ताणून बांधलाय. वारा आला की तुमच्या फेट्याच्या वरून ‘शंभर टक्के’ डोकावतं.

हे शंभर टक्के कसे होतात तेही तुम्हाला ठाऊक होतं. जे पोरगं नापास होईल असं वाटतं, त्याला नववीनंतर दाखला द्यायचा आणि सांगायचं, सतरा नंबरनं बस. म्हणजे बाहेरून परीक्षा दे. परीक्षा तीच. फक्त शाळा नाही, बाक नाही, शिकवायला कुणी नाही, आणि हजेरीत नाव नाही. पोरगं नापास झालं तर ते त्याचं त्याचं. हायस्कूलच्या निकालाला धक्का नाही. वाटंवरच्या पोरांसाठी तर हे आधीच ठरवून टाकलेलं असतं.

या वर्षी ती पाळी पूनमवर आली. तुम्ही तिला एकदाच पाहिलंत, गॅदरिंगला. मोठ्या आवाजाची, माझ्या नववी ‘ब’मधली. आजी होती तोवर आजीजवळ राहून शिकली. श्रावणात आजी वारली आणि दिवाळीनंतर आईबापाला तिला मेंढरांमागं न्यावं लागलं. वयात आलेली पोरगी एकटी कुणाच्या भरवशावर ठेवणार? हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, “मॅडम, पुढच्या वर्षी ही आपल्या निकालाला खड्डा पाडणार. एप्रिलला दाखला देऊन मोकळं होऊ.” माणूस वाईट नाही. त्यांनाही वरून विचारणारे आहेत. पण मी नाही म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, “मग शाळा कमिटीकडून आणा तसं. मला काय, मी सही करतो.”

म्हणून मी तासगावला तुमच्याकडं आले. शेवटचीच भेट ती. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मुलगा द्राक्षबागेत औषध मारायला गेला होता. मी बसायच्या आधीच बोलायला लागले.

“सर, तुम्ही एकदा या. कमिटीपुढं बोला. सगळ्यांसमोर. मेंढरांमागं गेलेली पोरं हायस्कूलचीच, त्यांना दाखला द्यायचा नाही, त्यांच्या परीक्षेची सोय हायस्कूलनं करायची, असा ठराव करून घ्या. तुमच्यापुढं कुणी नाही म्हणणार नाही.”

“ठराव कशाला? अध्यक्ष संपतच आहे ना? माझाच विद्यार्थी. मी फोन करतो त्याला.”

“फोननं पूनम राहील. पुढच्या वर्षी दुसरी कोणतरी असेल.”

“मग पुढच्या वर्षी दुसरा फोन करू.”

“आणि तुम्ही नसाल तेव्हा?”

काकू दारात होत्या. त्या आत गेल्या. तुम्ही मात्र हसलात. “मी काय लगेच कुठं निघालो नाही.”

मला हसू आलं नाही. तुम्ही मग मला समजावलंत, वर्गात समजावायचात तसं, हात पसरून. “शालन, नियम केला की माणसं त्यातली पळवाट शोधत बसतात. त्यापेक्षा माणसाला आतून लाज वाटली पाहिजे. ते टिकतं.”

“नाही टिकत, सर. लाज बदलून जाते. लाज रिटायर होते. तुमच्यानंतर किती जणांना लाज वाटली?”

“लय वकील झालीस गं.”

“तुम्हीच शिकवलंय.”

“मी भूगोल शिकवला.” मग म्हणालात, “चारचौघांत माणसाला कोंडीत धरू नये. त्याला वाट ठेवावी.”

“त्याला वाट ठेवता ठेवता आमची पोरं वाटेला लागली, सर.”

हे मी बोलले आणि उठले. चहा झाला होता, घेतला नाही. काकूंनी गेटपर्यंत येऊन बेदाण्याची पिशवी हातात कोंबली. तुम्ही खुर्चीतूनच ओरडलात, “करतो मी फोन!” मी मागं वळून “करा” म्हटलं. ते शेवटचं. मला त्याची माफी मागायची नाही. तेव्हा मी बरोबर होते आणि आजही मला तसंच वाटतं. फक्त अजून भांडायचं होतं. तुमच्याशी भांडून मी सुधारत आले. आता कुणाशी भांडू? बेदाणे अजून डब्यात आहेत. तोंडात टाकले तर गोड लागतील, म्हणून टाकत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात.

शोकसभा मैदानावर झाली. खूप माणसं आली होती, ते सांगायलाच हवं. तुम्ही शिकवलेले ड्रायव्हर, दोन फौजी, डाळिंबवाले, बाजारातल्या भाजीवाल्या. मागं कडेला अण्णा आणि वयामुळं आता मेंढरांमागं न जाणारी आमची चार माणसं, घोंगडी खांद्यावर टाकून. भाषणं झाली. एकानं तुम्हाला गणिताचे गाढे शिक्षक केलं. एकानं सांगितलं की तुमच्या छडीनं त्याचं आयुष्य घडलं. तुम्ही छडी कधी हातात घेतलीत, ते त्यालाच माहीत. मग संपत आबा उठले. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात बाहेर राहून, नाव कमवून परत आलेले, कमिटीचे अध्यक्ष, नातवंडं पिवळ्या बसमध्ये. आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता.

“सर गेले न्हाईत,” ते म्हणाले. “आपल्या हायस्कूलचा शबुद हाय, त्योच म्या फ्लेक्सवर घातला. सर वाटंवर हायत!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत. मग आबांनी जाहीर केलं, हायस्कूलच्या गेटवर सरांच्या नावाची भव्य कमान बांधणार. पुन्हा टाळ्या.

माझं नाव ‘दोन शब्द’ बोलायला होतं. मी तुमच्याबद्दल एक शब्दही बोलले नाही, सर. मी म्हटलं, “कमान नको. सरांनी ज्यांच्यासाठी तो शब्द ठेवला, त्यातली एक मुलगी आत्ता वाटंवर आहे. तिला एप्रिलमध्ये दाखला द्यायचं चाललंय. आबा, कमिटीनं इथं सगळ्यांसमोर सांगावं, वाटंवरच्या पोरांना दाखला देणार नाही.”

आबांनी घसा साफ केला. “शालनबाई, आज त्यो विषय न्हाई.”

तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला. अण्णा चारचौघांत कधी बोलत नाहीत. “मग कवा हाय आबा, त्यो विषय?”

काही माणसं हसली. काही खाली बघायला लागली. आबा म्हणाले, “बघू.”

आपल्याकडं ‘बघू’ म्हणजे दाराला आतून कडी.

खुर्च्या गोळा करताना आबा माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता ऐकवणार. तर खिशातून मोबाइल काढून नुसताच हातात धरून उभे राहिले. “सरांचा फोन आलता मला, बाई. लग्नात हुतो, डॉल्बी चालला हुता. उचलला न्हाई. म्हटलं, करू सावकाश.” हीच का ती तुमची ठेवलेली वाट, सर, जिच्यावर तुमचा सगळा भरवसा होता? तुम्ही फोन केलात. शब्द पाळलात. आणि एका डॉल्बीत ते सगळं बुडून गेलं. मला त्या माणसाचा खूप राग यायला हवा होता. तो आला नाही, म्हणून तुमचा आला.

दुसऱ्या दिवशी नववी ‘ब’वर हजेरी घेतली. पूनमचं नाव आलं. “पूनम.”

कुणीच ओरडलं नाही.

मी वर बघितलं. पोरं एकमेकांकडं बघत होती. मी पुन्हा म्हटलं, “पूनम.” तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “बाई, तसं म्हणू नये. पूनम जित्ती हाय.”

मला कळायला वेळ लागला. मग कळलं, आणि खडू हातातच मोडला. पोरं रोज त्या गेटातून आत येतात. वरचं वाचतात. काल मंडपात बसून त्यांनी ऐकलं की मेलेल्या माणसाला आपल्या हायस्कूलमध्ये ‘वाटंवर’ म्हणतात. सर, ‘गेली’ म्हणू नये म्हणून तुम्ही जो शब्द शोधलात, त्याचाच गावानं ‘गेला’ करून टाकला. तोही प्रेमानं. टाळ्या वाजवून.

मी मोबाइल काढला आणि पूनमच्या वडलांना फोन लावला. स्पीकर मोठा केला. आधी वारा ऐकू आला, मग मेंढरं, मग, “कोन?”

“मी शालनबाई, हायस्कूलमधनं. पूनम हाय का जवळ?”

“ए पूने! बाईचा फोन!”

धावत आल्याचा आवाज आला. “काय वो बाई? काय झालं?”

“काही नाही. हजेरी चाललीय. कुठं आहात?”

“खंडाळ्याच्या अल्याड. मोट्या कॅनॉलच्या अंगाला.”

“बरं. पूनम.”

“हजर बाई!” ती एवढ्या जोरात ओरडली की मोबाइल खरखरला.

अख्खा वर्ग उठला. “हजर न्हाई गं, वाटंवर म्हन!” “आगं येडे, तू वाटंवर हायस!” ती पलीकडून हसत होती, “बरं बरं, वाटंवर, वाटंवर!” आणि तिच्याबरोबर सगळी ओरडली. आवाज शेजारच्या वर्गात गेला असणार, कारण हेडसर दारात येऊन उभे राहिले. थोडा वेळ ऐकलं आणि गेले.

मग पूनमनं विचारलं, “बाई, लोखंडे सर गेले का वो? पप्पा म्हणत हुते.”

मी म्हटलं, “होय. गेले.”

“आरारा,” ती म्हणाली. “कवा?”

इतक्या दिवसांत तुमच्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदा सरळ बोललं, सर. ना फ्लेक्स, ना कमान. मी तिला सांगितलं, आणि मग फोन ठेवून, पोरांकडं पाठ करून, उगीचच फळा पुसत राहिले.

पुढं काय झालं ते तुम्हाला आवडेल, म्हणून सांगायला जिवावर येतंय. चार दिवसांनी हेडसरांनी मला बोलावलं. आबांचा फोन आला होता. ‘त्या एका पोरीचं राहू दे. दाखला नको. परीक्षेचं काय ते बाईंवर सोपवा. पण गाजावाजा नको, नाहीतर समदेच मागतील.’ म्हणजे पूनम राहिली. आबांना लाज वाटली आणि त्यांनी फोन केला. अगदी तुमच्या पद्धतीनं. तुम्ही असता तर खुर्चीत मागं रेलून म्हणाला असता, “बघ, मी काय सांगितलं होतं?”

आणि मी म्हटलं असतं, बघा, मी काय सांगितलं होतं. एकीपुरतंच झालं, तेही गुपचूप. आणि त्या लाजेसाठी तुम्हाला मरावं लागलं. दर वर्षी एका पोराला ठेवायला दर वर्षी एक मास्तर कुठून आणायचा?

एप्रिलमध्ये मी पूनमचा पेपर घ्यायला जाणार आहे. वडील म्हणालेत, तोवर मेंढरं नीरेच्या कडेला असतील. छत्री घेऊन जाईन. मेंढीच्या दुधाचा चहा मला चालतो, एवढं बरं आहे. जूनमध्ये ती परत येईल, तेव्हा पहिला तास तिचा. तुमचं सगळं मी चालवणार आहे. त्याबद्दल माझं तुमच्याशी कधी भांडण नव्हतंच.

पण हजेरीत मी तुमच्या नावापुढं ‘वा’ लिहिणार नाही. आजवर ज्यांच्यासाठी वर्ग ‘वाटंवर’ म्हणून ओरडला, ती सगळी परत आली. मी आले. पूनम येईल. तुम्ही नाही येणार. ‘गेली’ हा शब्द तुम्ही आमच्या तोंडून काढून घेतला होता, मेलेल्यांसाठी ठेवला होता. तो आता मी तुमच्यासाठी वापरते. तुम्ही गेलात, सर. फ्लेक्स कुणीही बांधो, तुम्ही गेलात.

जूनच्या कमिटीपुढं मी ठराव मांडणार आहे. अण्णा येणार आहेत, आणखी आमची माणसं येणार आहेत, घोंगडी टाकून पुढच्या ओळीत बसणार आहेत. संपत आबांना आधी फोन करून कानावर घाल, असं सगळे सांगतायत. तुम्हीही तेच सांगितलं असतंत.

मी फोन करणार नाही.